वर्क फ्रॉम होममध्ये वाचलेली वीज नेमकी कुणाच्या हिशोबात? थोडी पार्श्वभूमी

घरून काम केलं की कार्बन इतके टक्के कमी होतो असा रिसर्च अधूनमधून येतच असतो आणि मग तो सोसायटीच्या ग्रुपवर हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या ट्रॅफिकच्या फोटोसकट फिरतो. आकडे खोटे नसतात, पण ते कुठल्या शहरावरून काढलेत आणि त्यात काय मोजलंच नाही हे कळल्याशिवाय पुण्यात बसून त्यांचा उपयोग नाही.

कल्पनेचं मूळ तेलात आहे. 1973 साली अरब देशांनी तेल रोखलं आणि त्याच सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये एका विमा कंपनीचे कर्मचारी घराजवळच्या छोट्या ऑफिसात बसवून बघितले गेले. नंतर बरीच वर्षं हा विषय अभ्यासकांपुरताच राहिला. 2010-11 मध्ये चीनमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीने कॉल सेंटरच्या लोकांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, काम 13 टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. हा आकडा सगळे सांगतात. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी ऑफिसला परत यायचं ठरवलं, घरी एकटं वाटतं म्हणून, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

विजेचा आणि प्रदूषणाचा हिशोब जोरात सुरू झाला तो 2020 ला. त्या वर्षी 39 जुने अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातल्या 26 मध्ये ऊर्जा वाचते असं निघालं, बाकीच्यांत एकतर फरक नाही, उलट वापर वाढतो, किंवा स्पष्ट काहीच नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका हिशोबात असं आलं की कारने जाणाऱ्याचं ऑफिस एका बाजूने साधारण सहा किलोमीटरपेक्षा लांब असेल तरच घरी बसण्यात फायदा, त्याहून जवळ असेल किंवा बसने-ट्रेनने जात असाल तर घरी बसल्याने उत्सर्जन थोडं वाढूही शकतं. 2023 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, पूर्ण वेळ घरून काम केलं तर 54 टक्क्यांपर्यंत घट, आणि आठवड्यातून एकच दिवस घरून केलं तर फक्त 2 टक्के. बातम्यांत अर्थातच 54 गेला.

आता हे पुण्यात आणून बघा. इथे निम्मं शहर दुचाकीवर आहे. समजा कोथरूडहून हिंजवडी, एका बाजूने 15 किलोमीटर, गाडी लिटरला 45 देते, म्हणजे दिवसाला पाऊण लिटरच्याही आत पेट्रोल आणि साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड. घरी बसलं तर पंखा, लॅपटॉप आणि राउटर नऊ तास चालून सव्वा युनिट होतं, आपल्या ग्रिडची वीज बऱ्यापैकी कोळशावरची, युनिटला सुमारे 0.7 किलो, म्हणजे 0.9 किलो. इथपर्यंत फायदा आहे. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी चार तास दीड टनाचा एसी लावला की आणखी चारेक युनिट, आणि दुचाकीवर वाचवलेलं सगळं तिथेच गेलं. हा हिशोब ढोबळ आहे, पण अमेरिकेतल्या कारवरून काढलेला आकडा वाकडच्या टू बीएचकेला का लागू होत नाही ते यातून कळतं. ऑफिसच्या बाजूने बघायचं तर फ्लोअर पूर्ण बंद झाला तरच तिथली वीज वाचते, निम्मे लोक आले तरी सेंट्रल एसी चालूच असतो.

आणि निम्मे लोक हेच तर नियमात होतं. हिंजवडीतल्या बऱ्याच इमारती एसईझेडमध्ये म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत, तिथे करसवलतीत आणलेलं सामान आवाराबाहेर न्यायचं म्हणजे परवानगी लागते. मार्च 2020 मध्ये सगळं तात्पुरतं सैल केलं. जुलै 2022 मध्ये रीतसर नियम आला की एका वर्षासाठी जास्तीत जास्त 50 टक्के लोक घरून काम करू शकतील, आणि डिसेंबर 2022 मध्ये तो बदलून 100 टक्के केला. एसईझेडच्या नियमाचा संबंध करसवलतीशी आहे, विजेशी किंवा घरातल्या माणसांशी नाही, त्यामुळे 50 च का हे त्या बाजूने कुणी तपासलंच नाही.

खरा वादाचा निर्णय मात्र याहून जुना आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कंपनीने उत्सर्जन कसं मोजायचं याची जगभर वापरली जाणारी पद्धत तीन भागांत आहे. पहिल्यात स्वतः जाळलेलं डिझेल-गॅस, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात बाकी सगळं. तिसऱ्या भागाचे नियम 2011 मध्ये ठरले, त्यात कर्मचाऱ्यांचा येण्याजाण्याचा प्रवास धरायचा असं आहे, पण घरून काम करताना लागणारी वीज धरायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर सोडलं. 2011 साली घरून काम करणारे होतेच किती, म्हणून तेव्हा ते खपून गेलं. 2020 नंतर त्याच एका वाक्यामुळे असं होतं की ऑफिसचं वीजबिल खाली आलं म्हणून दुसरा भाग सुधारतो, प्रवास कमी म्हणून तिसरा सुधारतो, आणि घरी वाढलेली वीज कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आपल्याकडे 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि कर्मचाऱ्यांबद्दलचा अहवाल सक्तीचा झाला, पण त्यातही तिसरा भाग ऐच्छिकच ठेवला. कंपन्यांची बाजू अशी की घरातला फ्रिज कुठला आणि ऑफिसचा पंखा कुठला हे वेगळं कसं करणार, आणि घरावर आमचा ताबा नाही. मोजणं अवघड आहे हे मान्य, पण ताब्याचं कारण मला पटत नाही, कारण कर्मचाऱ्याच्या स्कूटरवर तरी कंपनीचा ताबा कुठे असतो, तो प्रवास धरतातच ना. पगारपत्रक आहे, हजेरी आहे, कोण किती दिवस घरी होतं हे कंपनीला तासातासाने माहीत आहे, अंदाज काढायला एवढं पुरतं. बिल तर घरच्यांनी भरलंच, आणि महिन्याला 300 युनिटच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटला चढा दर.

विजेसारखंच घरातल्या कामाचं. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर आईने घरून काम करावं अशी सोय घातली, तीही मालक आणि आई दोघांच्या संमतीने. म्हणजे आपल्या कायद्यात घरून काम शिरलं ते आईसाठीची सवलत म्हणून, बापाचं नावच नाही. सरकारी ईएसआय विमा लागू नसेल तर रजेचा खर्चही सगळा मालकावर. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरातलं काम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला 299 मिनिटं जातात आणि तसं काम करणाऱ्या पुरुषाचे 97. मधे दोन वर्षं सगळे घरात होते, तरी 2024 च्या पाहणीत आकडे आले 289 आणि 88. बाईचं ओझं दहा मिनिटांनी उतरलं, पुरुषाचंही नऊ मिनिटांनी कमीच झालं. नवरा-बायको दोघं एकाच टेबलावर लॅपटॉप उघडून बसले तरी कुकरची शिट्टी झाल्यावर कोण उठतं याचं उत्तर या आकड्यांत आहे.

कंपन्यांच्या त्या सक्तीच्या अहवालात वीज किती वापरली हे विचारतात, आणि त्याच अहवालात वेगळ्या पानावर पालकत्वाच्या रजेनंतर किती जण परत आले, पाळणाघराची सोय किती जणांना आहे, हेही बाई-पुरुष वेगळं करून विचारतात. दोन्ही माहिती एकाच कंपनीची, एकाच वर्षाची. ऑफिसची वीज जिथे कमी झाली तिथे रजेनंतर परत येणाऱ्या बायका वाढल्या की कमी झाल्या, हे हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवून कुणीही ताडून बघू शकतं, आणि पुढचा रिसर्च करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.