उत्तम मेंढपाळ (गोव्याची हस्तिदंती मूर्ती)

उत्तम मेंढपाळ म्हणजे साधारण १७व्या शतकात गोव्यात हस्तिदंतात कोरलेली बाळ येशूची मूर्ती. ही एकच मूर्ती नाही, हा एक अख्खा प्रकारच आहे, आणि त्याचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपासून अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियमपर्यंत पोचलेत.

'मी उत्तम मेंढपाळ आहे' हे येशूचं वाक्य बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येतं, पण इथला मेंढपाळ चक्क लहान पोर आहे आणि बसल्या बसल्या झोपलाय. उजव्या हातावर गाल टेकलेला, डोळे मिटलेले, पाय एकमेकांवर टाकलेले, एक कोकरू खांद्यावर नि एक मांडीवर, कमरेला पाण्याचा तुंबा. अंगातला झगा नीट बघा, त्यावर लोकरीचे छोटे छोटे झुपके एकेक करून कोरलेत. ही मिटल्या डोळ्यांची शांत बैठक बघून अभ्यासकांना ध्यानातला बुद्ध आठवतो, आणि आपल्याकडच्या माणसाला गुरं राखणारा बाळकृष्ण आठवल्याशिवाय राहत नाही.

बाळाच्या खाली डोंगर असतो, आणि खरं तर बघत बसावं ते तिथेच. टप्प्याटप्प्याने उतरणारे खडक, मधे कारंजं, त्याचं पाणी पिणारे पक्षी, कडेकपारीला मेंढ्या, आणि अगदी तळाशी गुहेत आडवी झालेली येशूची शिष्या मग्दालीया मरीया. हे कारंजं म्हणजे जीवनाचा झरा.

हस्तिदंत बराचसा पूर्व आफ्रिकेतून, मोझांबिककडून पोर्तुगीज जहाजांतून यायचा, आणि मूर्ती घडवणारे हात इथलेच, त्यातले कितीतरी हिंदू. १५६७ च्या गोव्यातल्या चर्चच्या धर्मपरिषदेने बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र मूर्ती करून घ्यायला मनाई केली होती, म्हणजे काम त्यांच्याकडेच जात होतं हे उघड आहे. त्या माणसांनी एक पूर्णपणे नवीन रूप घडवलं, युरोपातून आलेल्या नमुन्याची नुसती नक्कल केली नाही, आणि तरी म्युझियमच्या पाटीवर कारागिराचं नाव नसतं, नुसतं 'गोवा' असतं, याचं फार वाईट वाटतं.

हस्तिदंताचा सुळा मुळाशी पोकळ असतो आणि त्याची जाडी असते तेवढीच, त्यामुळे मूर्ती लहान, टेबलावर मावेल एवढी. काहींवर रंगाचे, सोन्याच्या मुलाम्याचे अंश अजून दिसतात. बाळ आणि डोंगर बऱ्याचदा वेगवेगळे कोरून खुंटीने जोडलेले असायचे, तो जोड शेकडो वर्षांत सुटला की दोघांची ताटातूट होते, म्हणून काही ठिकाणी नुसतंच झोपलेलं बाळ बघायला मिळतं, खाली डोंगरही नाही नि मरीयाही नाही.