नाव कुठल्या वहीत? बेळगावच्या ख्रिस्ती घरांची पार्श्वभूमी

बेळगावात ख्रिस्ती माणूस आडनावावरून ओळखू येईलच असं नाही. कॅम्पात फर्नांडिस, डिसोझा भेटतात, ते सोपं. पण खानापूरकडं जाताना एखाद्या ओसरीवर नाताळचा तारा लटकलेला दिसतो आणि दारावरची पाटी मात्र अस्सल मराठी आडनावाची. नवा माणूस गोंधळतो आणि हमखास विचारतो, ‘म्हणजे तुम्ही आधीचे कोण?’

लहानपणी या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, या भागातला ख्रिस्ती इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरलाय. श्रद्धा मनात असतेच. पण नाव कुठल्या वहीत लिहायचं, कुणाच्या ताटात जेवायचं, घरात काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, खरी परीक्षा इथं झाली.

इथं येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक घाट चढून गोव्यातून. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. तिथं बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावही मिळे, त्यामुळं नाव ऐकलं की वाट कळते. या कॅथलिक मंडळींची बोली कोकणी, बाजारात मराठी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये. १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला आणि मायकेल रॉड्रिग्ज पहिले बिशप झाले. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीजांचंच राज्य होतं.

दुसरी वाट लष्कराच्या मागून आली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडं गेला आणि दोनच वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं आले. शाळा निघाली. पुढं आलेल्या विल्यम बेनन यांचं नाव बेनन-स्मिथ हायस्कूलमुळं आजही रोज रिक्षावाल्यांच्या तोंडी असतं. १९०४ मध्ये सोसायटीनं हे काम अमेरिकन मेथडिस्टांच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्याच एका पंथाच्या, हवाली केलं, म्हणून इथला जुना प्रोटेस्टंट आज ‘मेथडिस्ट’ म्हणून ओळखला जातो.

या वाटेनं ख्रिस्ती झालेल्यांनी आडनावं बहुधा टाकली नाहीत. याच मातीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे बाबा पदमनजी.

जन्म १८३१, बेळगाव. जात कासार. मिशनच्या शाळेत शिकून हा मुलगा मुंबईला गेला आणि तिथं परमहंस मंडळीत ओढला गेला. ही मंडळी म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या सुशिक्षित तरुणांची गुप्त सभा. आत यायचं तर परजातीच्या किंवा परधर्माच्या माणसाच्या हातचं खावं लागे. पावाचा तुकडा तोंडात टाकला की जात मोडली. पण दार लावून. बाहेर पडलं की पुन्हा सोवळं, पुन्हा घरची पंगत. पुढं १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वहीच चोरीला गेली, नावं फुटली आणि मंडळी विरून गेली. एवढा क्रांतिकारक विचार एका वहीच्या भीतीनं बसावा, याचं मला अजून नवल वाटतं आणि ते समजूही शकतं. घर, लग्नं, म्हाताऱ्या आई-वडिलांची समजूत, सगळं त्या वहीत अडकलेलं होतं.

बाबांनी ती वही फुटायची वाट पाहिली नाही. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो बेळगावात. मुंबईच्या गर्दीत हे जरा सोपं गेलं असतं. इथं गल्ली ओळखीची, दुकान ओळखीचं, सोयरे हाकेच्या अंतरावर. ज्या गावात आपल्याला ‘अमक्याचा मुलगा’ म्हणतात, त्याच गावात उघडपणे वेगळं नाव सांगायला किती धीर लागत असेल, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली. मराठीतली ही पहिली कादंबरी, आणि तिचा विषय विधवांची दुर्दशा. मराठी कादंबरीचा जनक बेळगावचा, हे सीमाप्रश्नाच्या सभांत मी फारसं ऐकलेलं नाही. का, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

कायद्यालाही या घरांच्या आत शिरावं लागलं. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही अशी सोय केली. १८६६ मध्ये दुसरा कायदा आला: नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको, किंवा उलट, त्या कारणानं नांदायला तयार नसेल तर लग्न मोडता येईल. कायदा करावा लागला याचा अर्थच असा, की असे संसार अधांतरी लोंबकळत होते. आपल्याकडच्या धर्मांतराच्या गोष्टीत पाद्री दिसतो, पुस्तक दिसतं. माहेरी निघून गेलेली बायको क्वचितच दिसते.

भाषेचं मात्र छान जमलं. उपासनेत नारायण वामन टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात, आणि डोळे मिटून ऐकलं तर शेजारच्या विठ्ठलमंदिरातलं भजन वेगळं काढणं कठीण. पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल १९२४ साली छापून निघालं. कॅथलिकांना आपल्या भाषेतल्या उपासनेसाठी जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) थांबावं लागलं. मग लॅटिन हटलं आणि प्रश्न आला, कुठली भाषा? कोकणी, मराठी, कन्नड की इंग्रजी? १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेलं, रस्त्यावर भाषेवरून डोकी फुटत होती. चर्चनं वाद न घालता वेळा वाटून घेतल्या: सकाळी एक भाषा, मग दुसरी, संध्याकाळी तिसरी. फलकावरच्या त्या वेळा मला ठरावांपेक्षा शहाण्या वाटतात.

जात मात्र दाराशी चपला काढाव्यात तशी निघाली नाही. लग्नाच्या बोलणीत ‘आधीचे कोण’ हळूच विचारलं जातंच, आणि विचारणारे आमचेच असतात.

त्यात १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांनाही. ख्रिस्ती बाहेर. दलित वस्तीतून आलेल्या विश्वासणाऱ्यापुढं दोन वह्या आल्या, एक चर्चची आणि एक तहसीलदार कचेरीची. मुलाची फी, नोकरीचा अर्ज दुसरीवर चालतो. कितीतरी माणसं रविवारी पहिल्या बाकावर असतात आणि कागदावर हिंदू असतात. प्रवचनात त्यांना अर्धे ख्रिस्ती म्हणणारे पाळक मी ऐकलेत. ज्याच्या मुलाची फी थकलेली नाही त्याला हे म्हणणं परवडतं.

२३ डिसेंबर २०२१ ला, नाताळ दोन दिवसांवर असताना, इथल्याच सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. २०२२ मध्ये कायदा झाला. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, ती सूचना फलकावर लागणार, हरकती मागवणार. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. बाबा पदमनजींच्या गावात पुन्हा नावांची यादी, आणि या वेळी ती चोरायचीही गरज नाही.

त्या डिसेंबरातही आमच्या मावशीकडं कुलकुलं झाली. मैद्याची गोळी काट्या-चमच्याच्या पाठीवर दाबून वळायची, तळायची, पाकात घोळायची; तीन दिवस घरभर तेलाचा वास. ताटं भरून शेजारी गेली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या घासासाठी मुंबईत दारं लावावी लागत, तो इथं कंपाउंडच्या भिंतीवरून जातो आणि ‘यंदा गोड कमी झालंय’ असं ऐकूनही घेतो. ताट रिकामं परत देत नाहीत, म्हणून ते संक्रांतीपर्यंत शेजारीच राहतं आणि तिळगूळ घेऊन येतं.

ताट पितळी आहे, मावशीच्या सासूला लग्नात मिळालेलं. काठावर ठोक्याठोक्यांनी नाव घातलंय. ते त्यांचं बाप्तिस्म्याआधीचं नाव. पुढं नवी भांडी आली, त्यांवर नवं नाव आलं. हे ताट मात्र कुणी कासाराकडं नेलं नाही.