मागे टांगायचे की मध्ये घ्यायचे? घरगुती बग्गीतल्या इंजिनाची पार्श्वभूमी

घरी बग्गी, म्हणजे वाळूत आणि खडकाळ वाटेवर चालवायची हलकी, उघडी मोटार, बांधायची ठरली की पहिला वाद इंजिनावरून होतो. मागचा इतिहास पाहिला तर मात्र सुरुवातीच्या मंडळींनी इंजिन निवडले असे म्हणणेच अवघड आहे. स्वस्तात हाती लागला तो गिअरबॉक्स. इंजिन त्याच्यासोबत आले, आणि वजनाची वाटणीही त्यानेच ठरवून टाकली.

कॅलिफोर्नियात पिस्मोच्या किनाऱ्यावर आधी धावायच्या त्या बॉडी उतरवून आखूड केलेल्या अमेरिकन मोटारी. पाण्याने गार होणारे जड व्ही-8 इंजिन पुढे, म्हणून चालकाची सीट सरकवत मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत न्यायची, एवढाच तोल साधायचा उपाय. तरी पुढची चाके वाळूत नांगरासारखी रुतत. फोक्सवॅगनच्या बीटल या छोट्या मोटारीचे तसे नव्हते. इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे डिफरेन्शियल एकाच गठ्ठ्यात, सगळे मागे. रेडिएटर नाही, पाणी नाही. साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकांवर. याच मांडणीची लष्करी गाडी दुसऱ्या महायुद्धात फोर व्हील ड्राइव्हशिवाय उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात चालली होती.

1964 मध्ये तिथल्याच एका बोटी बांधणाऱ्याने फायबरग्लासची टबासारखी बॉडी काढली. पहिल्या डझनभर गाड्यांत बॉडी हीच चेसिस, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, होती. ते महाग पडले, म्हणून पुढे बीटलचा फ्लोअरपॅन, म्हणजे तळाचा पत्रा, मध्ये कापून 36 सेंटिमीटरने आखूड करायचा आणि त्यावर टब बसवायचा, अशी रीत पडली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, 2.40 मीटरवरून 2.04 मीटरवर आला. गाडी चपळ झाली, पण मागे लटकणाऱ्या इंजिनाची तरफही वाढली आणि आधीच हलके असलेले नाक आणखी हलके झाले. वाळूत हे वरदानच होते. पुढची चाके तरंगतात, वळायला मात्र तयार नसतात, म्हणून मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावणारे हँडल आले. त्याला कटिंग ब्रेक म्हणतात. एप्रिल 1967 मध्ये अशाच बग्गीने मेक्सिकोत ला पाझ ते तिहुआना हे अंतर 34 तास 45 मिनिटांत कापले. मोटरसायकलवर झालेला आधीचा विक्रम 39 तास 56 मिनिटांचा होता. ‘मागे टांगलेले इंजिन म्हणजे चूक’ असे ठासून सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर आठवावा.

पुढे ताकदीची भूक लागली. बीटलचे इंजिन 1600 सीसीपर्यंत पोचले, तेवढ्यावर भागेना. मग शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीचे सहा सिलिंडरचे, हवेनेच गार होणारे, 1964 पासून 2.7 लिटरचे झालेले इंजिन लोकांनी बीटलच्या गिअरबॉक्सला जोडले. ते फिरते उलट्या दिशेने. जसेच्या तसे जोडले तर गाडीला चार गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढे जायचा. यावरचा एक उपाय म्हणजे गिअरबॉक्स उघडून क्राऊन (चाकांकडे ताकद नेणारे मोठे दातेरी चक्र) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राच्या) दुसऱ्या बाजूला बसवायचा. शिवाय हे इंजिन बीटलच्या इंजिनापेक्षा बरेच जड, आणि तेही अ‍ॅक्सलच्या मागेच. चढावर नाक उचलले जाऊ लागले.

खरा वाद इथून सुरू होतो. नळ्यांचा सांगाडा स्वतःच वेल्ड करायचा तर गिअरबॉक्स उलटा फिरवून इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे, सीटच्या पाठीशी का घेऊ नये? याला ‘मिड-इंजिन’ म्हणतात, आणि या शब्दाने भरपूर घोळ घातला आहे. आपल्याकडे चालकाच्या मागे इंजिन दिसले की सरसकट ‘रिअर इंजिन’ म्हणून मोकळे होतात. पण कस लागतो तो इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर. हिशेब करून पाहा: 600 किलोची बग्गी, 2.04 मीटर व्हीलबेस, 110 किलोचे इंजिन मीटरभर पुढे घेतले. 110 गुणिले 1 भागिले 2.04, म्हणजे सुमारे 54 किलो भार मागून पुढच्या चाकांवर गेला, 9 टक्के. गिअरबॉक्स त्याच वेळी मागे गेल्याने त्यातला थोडा परत जातो. त्याशिवाय क्राऊन इथेही पलटावा लागतो, आणि गिअरची दांडी जिथून आत शिरते ते टोक आता मागे गेल्याने लिंकेज इंजिनाला वळसा घालून न्यावे लागते. गंमत म्हणजे उलटे फिरणारे कॉर्व्हेअर घेऊन गिअरबॉक्सही उलटा बसवला की दोन उलटी मिळून सुलटे होते आणि क्राऊनला हात लावावा लागत नाही. मध्ये घेतल्याने चढावर आणि खडकाळ वाटेवर स्टिअरिंग हाती राहते, यात शंका नाही. पण सीट पुढे ढकलाव्या लागतात किंवा गाडी लांबते, आणि निव्वळ वाळूत चालवणाऱ्याला या खटाटोपातून फारसे मिळत नाही. मिड-इंजिनवाले हे सहसा मान्य करत नाहीत.

आपल्याकडे बीटलचा सुळसुळाट कधीच नव्हता. त्यामुळे गॅरेजमध्ये बांधणाऱ्यांना हाताशी मारुती 800 चा गठ्ठा: 796 सीसी, तीन सिलिंडर, आडवे इंजिन, पुढची चाके चालवणारा गिअरबॉक्स. तो तसाच उचलून मागे बसवायचा, स्टिअरिंगच्या टाय-रॉडची (चाके वळवणाऱ्या दांड्यांची) टोके चेसिसला पक्की करायची, की मागची चाके वळायची थांबतात. इंजिन आपोआप अ‍ॅक्सलच्या पुढे येते, क्राऊन पलटायची भानगड नाही. फक्त रेडिएटर कुठे ठेवायचा, हा बीटलवाल्यांना कधी न पडलेला प्रश्न उभा राहतो.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बग्गी बांधून उतरवायच्या बाहा स्पर्धेने तर निवडच काढून घेतली. अमेरिकेत ती 1976 मध्ये सुरू झाली, भारतात 2007 मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला. महाराष्ट्रातली कॉलेजे तिथे हिरिरीने जातात. इंजिन सगळ्यांना सारखेच: बरीच वर्षे ते एक सिलिंडर, 305 सीसी, 10 अश्वशक्तीचे होते. उरली ती जागा. डिझाइन रिपोर्टांत 40:60 हा पुढच्या-मागच्या चाकांवरच्या वजनाचा आकडा हमखास दिसतो, आणि इंजिन दोन बोटे पुढे की मागे यावर रात्री जागवल्या जातात. पण हे इंजिन जेमतेम पंचवीस किलोचे. 1.4 मीटर व्हीलबेसवर ते 10 सेंटिमीटर सरकवले तर दोन किलोही इकडचे तिकडे होत नाहीत. 65 किलोच्या चालकाची सीट तेवढीच सरकवली तर साडेचार किलोंहून जास्त भार हलतो, आणि वजनकाट्यावर गाडी चढवताना पुष्कळदा सीट रिकामीच असते.