उष्णजल बॉयलरांचे नियंत्रण

मोठ्या इमारती उबदार ठेवण्याच्या मध्यवर्ती योजनेत पाणी किती तापवायचे, ज्योत केव्हा व किती मोठी ठेवायची आणि अनेक बॉयलर असल्यास त्यांपैकी कोणते चालवायचे, हे ठरविणाऱ्या उपकरणांचा व पद्धतींचा या विषयात समावेश होतो. बॉयलरला मराठीत बाष्पित्र हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु येथे पाण्याची वाफ होऊ दिली जात नाही, म्हणून या नोंदीत बॉयलर हाच शब्द ठेवला आहे.

उगम : तापमान पाहून आग आपोआप कमीजास्त करण्याची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी मतभेद आहेत. पुष्कळ लेखक हा मान डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) यांना देतात. त्यांच्या अंडी उबविण्याच्या भट्टीत अल्कोहॉल प्रसरण पावून पारा वर ढकलला जाई आणि पाऱ्यावर टेकलेला दांडा धूर जाण्याच्या वाटेवरील झाकण मिटवी. ही भट्टी सतराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत केव्हातरी सिद्ध झाली असावी; तिची माहिती मुख्यतः नंतरच्या हस्तलिखितांवरून मिळत असल्यामुळे याहून काटेकोर कालनिर्णय करणे धाडसाचे ठरेल. दुसरे मत फ्रान्समधील बॉनमँ यांच्या बाजूचे आहे. त्यांनी साधारणपणे १७७७ ते १७८३ या काळात कोंबडीची अंडी उबविण्यासाठीच, पण नळांतून फिरणाऱ्या गरम पाण्याची योजना उभारली. तिच्या बॉयलरमध्ये शिशाच्या नळीत बसविलेला लोखंडी गज बुडवलेला असे. शिसे लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. लांबीतील हा सूक्ष्म फरक तरफेने वाढवून आगीकडे जाणारी हवा रोखली जाई. आगीच्या स्वयंनियमनाचा पहिला मान ड्रेबेल यांचा मानला, तरी फिरणाऱ्या पाण्याचे तापमान मोजून ज्वलनाची हवा नियंत्रित करण्याची आजची रचना बॉनमँ यांच्या योजनेशी अधिक जुळते. थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या पातळीवर राखणारे साधन) हे नाव त्यानंतरचे असून ते स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या, दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या उपकरणामुळे रूढ झाले.

ज्योतीचे नियंत्रण : सर्वांत साधी पद्धत चालू-बंद ही होय. पाणी ठरलेल्या तापमानाखाली गेले की बर्नर (इंधन जाळून ज्योत देणारा भाग) पूर्ण क्षमतेने पेटतो आणि वरची मर्यादा गाठताच विझतो. या दोन तापमानांतील अंतराला डिफरन्शियल म्हणतात. पुढची पायरी मंद व मोठी अशा दोन ज्योतींची आणि तिच्यापुढची मॉड्युलेशनची, म्हणजे ज्योत सलग कमीजास्त करण्याची. कमाल व किमान ज्योतीच्या गुणोत्तराला टर्नडाउन म्हणतात. त्याचे महत्त्व आकड्यांतच दिसते. एका योजनेत १,००० लिटर पाणी, ५०० किलोवॉटचा बॉयलर, ६° से. डिफरन्शियल आणि सौम्य हवामानात केवळ ४० किलोवॉटची मागणी आहे, असे समजू. चालू-बंद पद्धतीत पाणी एका मिनिटाच्या आतच वरची मर्यादा गाठते आणि बर्नर विझतो. मग सुमारे साडेदहा मिनिटांनी तो पुन्हा पेटतो. टर्नडाउन ५:१ असल्यास ज्योत किमान पातळीवर सुमारे सात मिनिटे टिकते, १०:१ असल्यास चाळीस मिनिटांहून अधिक. प्रत्येक पेटण्याआधी पंखा भट्टीतील उरलेला वायू हुसकावून लावतो आणि त्या थंड हवेबरोबर बॉयलरमधील उष्णताही धुराड्यातून बाहेर जाते. त्यामुळे वारंवार पेटणे-विझणे हा या योजनांतील सर्वांत खर्चिक दोष मानावा लागतो. मॉड्युलेशनसाठी बहुधा पीआयडी नियंत्रक वापरतात. इष्ट व प्रत्यक्ष तापमानांतील फरक, त्या फरकाची साठत जाणारी बेरीज आणि त्याच्या बदलाचा वेग या तिन्हींवरून तो ज्योत ठरवितो. त्यातील बेरजेची, म्हणजे समाकलन-क्रिया फार जलद ठेवल्यास ज्योत सतत वरखाली होते.

पाण्याचे तापमान : पूर्वी पाणी बारमाही सुमारे ८०° से. वर ठेवीत. बाहेरील हवामानानुसार ते बदलणे, म्हणजेच हवामान-भरपाई, ही आता प्रमुख पद्धत आहे. बाहेर −१०° से. असताना ८०° आणि १५° असताना ४० अंशांचे पाणी लागते असे धरले, तर सरळ रेषेप्रमाणे ५° तापमानाला ५६ अंशांचे पाणी पुरते. प्रत्यक्षात खोलीत उष्णता देणाऱ्या रेडिएटरची उष्णता तापमानफरकाच्या समप्रमाणात वाढत नसल्यामुळे ही रेषा किंचित वक्र ठेवतात. कंडेन्सिंग बॉयलरच्या, म्हणजे धुरातील बाष्पाचे द्रवीभवन करून त्याची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरच्या बाबतीत येथे निर्णायक ठरते ते परत येणारे पाणी. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंचा दवबिंदू (बाष्प द्रवरूप होऊ लागण्याचे तापमान) सुमारे ५५° से. असतो. परतीचे पाणी त्याहून थंड असेल तरच त्यांतील बाष्प द्रवरूप होऊन आपली सुप्त उष्णता पाण्याला देते. पाणी जितके थंड, तितका हा लाभ मोठा. यंत्रावर कंडेन्सिंग बॉयलर अशी पाटी असूनही परतीचे पाणी ६५° से. असेल, तर हा लाभ जवळजवळ शून्य असतो. जुन्या ओतीव लोखंडी बॉयलरांत मात्र हेच द्रवीभवन गंज आणते, म्हणून तेथे तीन मार्गांच्या झडपेने गरम पाणी मिसळून परतीचे तापमान मुद्दाम वर राखतात.

अनेक बॉयलर : एक बॉयलर अग्रणी ठेवून गरजेप्रमाणे इतर जोडतात आणि चालण्याचे तास सारखे व्हावेत म्हणून अग्रणी अधूनमधून बदलतात. साध्या बॉयलरांत पहिला पूर्ण क्षमतेला पोचल्यावरच दुसरा पेटविणे इष्ट. कंडेन्सिंग बॉयलरांत मात्र अनेक बॉयलर मंद ज्योतीवर चालविणे अधिक कार्यक्षम ठरते, कारण तेवढ्याच उष्णतेला मोठा उष्णता-विनिमय पृष्ठभाग मिळतो. जुन्या जागी नवे बॉयलर बसविताना पूर्वीचाच क्रम कायम ठेवला जातो, ही चूक वारंवार आढळते.

सुरक्षा : कमाल-तापमान मर्यादक, पाण्याची पातळी पाहणारा स्विच आणि ज्योत-निरीक्षक ही साधने वरील नियंत्रकापासून स्वतंत्र असतात. कमाल-मर्यादकाने बर्नर बंद पाडल्यास तो सामान्यतः माणसाने हाताने दाबूनच पुन्हा चालू करावा लागतो. दाब-मुक्ती झडप विजेवर अवलंबून नसते.