सही पुस्तकाबाहेर कशी आली

सांगलीतल्या एका ओळखीच्या लेखकाने नवी कादंबरी आल्यावर वाचकांना कळवलं, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, सही केलेली खूणपट्टी (बुकमार्क) फुकट मिळेल. गावभागातल्या एका जुन्या वाचकाने नाक मुरडलं, 'हे काय नवीन खूळ?' खूळ जुनंच आहे. सहीने जागा तेवढी बदलली.

हस्तलिखित पोथीच्या शेवटी बहुतेक वेळा सापडतं ते नाव लेखकाचं नसून नक्कल करणाऱ्याचं. गाव, तिथी लिहून 'जसं पुस्तक दिसलं तसं उतरवलं, मला दोष देऊ नये' अशा अर्थाचा श्लोक टाकला की तो सुटला. दुसरा श्लोक खुद्द पुस्तकाच्या तोंडचा. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा, आणि 'मूर्खहस्ते न दातव्यम्'. युरोपात पुस्तकाच्या आत मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवायची पद्धत पंधराव्या शतकात जर्मन मुलखात रुजली. ड्यूरर या चित्रकाराने आपला मित्र पिर्कहायमर याच्यासाठी केलेल्या चिठ्ठीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी'. आपलं पुस्तक संशयी, त्यांचं दिलदार! आज लेखक सही करून पाठवतात ते स्टिकर याच चिठ्ठीचं नातवंड. मालकाच्या जागी लेखकाचं नाव आलं, इतकंच.

छापील पुस्तकांच्या काळात सही पुस्तकातच राहिली. आतल्या पानावर 'सप्रेम भेट', खाली सही आणि तारीख. त्यासाठी लेखक समोर हवा. सांगलीला 2008 साली म. द. हातकणंगलेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, तशा मांडवात ते जमतं. एरवी शाळकरी पोरं स्वाक्षरीची वही घेऊन पाहुण्यांच्या मागे लागत. तीही नेहमी फुकट नसे. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि हरिजन फंडात टाकत.

लांबच्या वाचकाची सोय पोस्टाने केली. भारतात पोस्टकार्ड 1879 मध्ये आलं, एका पैशाचं. पुढे जोडकार्डही मिळू लागलं, अर्धं आपण लिहायचं, अर्धं उत्तरासाठी कोरं. उत्तराचा खर्च मागणाऱ्याने उचलायचा हा रिवाज त्यातही होता, आणि तिकीट लावलेलं पाकीट मागणारा लेखक तोच पाळतोय. सही केलेलं पुस्तक पाठवणं मात्र महागलं. डिसेंबर 2024 मध्ये पोस्टाने सवलतीचं रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केलं. खूणपट्टी साध्या पाकिटात, वीस ग्रॅमच्या आत, पाच रुपयांत जाते.

पट्टी फुकट देणं लेखकाला परवडतं, त्याचं कारण छापखान्यात आहे. कव्हर आर्ट कार्डाच्या, म्हणजे जाड गुळगुळीत कागदाच्या, मोठ्या तावावर छापतात, कडेला चार बोटं रुंदीची जागा उरते. एरवी ती कटिंगमध्ये रद्दीत जाते. तिथेच पट्टी बसवली की छपाईचा वेगळा खर्च जवळपास नाहीच. एक गोम आहे. कव्हरसोबत पट्टीवरही लॅमिनेशन चढलं तर बॉलपेन घसरतं आणि मार्कर बोटाला लागतो. आमच्या लेखकाने पहिल्या शंभरेक पट्ट्या अशाच वाया घालवल्या. आता मागची बाजू कोरी ठेवतो आणि सह्या केलेल्या पट्ट्या पाटावर पत्त्यांसारख्या मांडून वाळवतो.

सही शाईपेनने करू नको, असं मीच त्याला सांगितलं. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या कपाटाचा खालचा खण पाण्यात होता. वाळवल्यावर पानं फुगली, पण मजकूर वाचता येत होता. 'सप्रेम भेट'च्या जागी मात्र निळा डाग. कोणी दिलं होतं ते आता पुस्तकाच्या नावावरून आठवायचं.

परवा त्याच्याकडे गेलो तर टेबलावर पाकिटांची चळत होती. त्यातल्या निम्म्यांवर तिकीटच नव्हतं. तो स्वतःच्या खिशातून आणलेली तिकिटं पाण्याचं बोट लावून चिकटवत बसला होता.