सगळ्या तपासण्या एकदम केल्या की निदान होते का?
थकवा, सांधेदुखी, पुरळ, अधूनमधून ताप अशी न जुळणारी लक्षणे असली, की सगळ्या तपासण्या एकदम केल्याने निदान लवकर होते, हा समज चुकीचा आहे. बहुतेक चाचण्यांची सामान्य मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या निकालांवरून ठरवलेली असते, म्हणजे उरलेले ५ टक्के निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. त्यामुळे परस्परांवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक निकाल मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा आजाराच्या) संशयाने होणारी एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी तर अनेक निरोगी व्यक्तींतही पॉझिटिव्ह येते. म्हणून लक्षणांचा क्रम आणि चालू औषधे विचारून, रुग्णाला तपासून (हा वेळकाढूपणा वाटणे स्वाभाविक आहे) डॉक्टर आधी शक्यता मांडतात आणि मगच चाचणी निवडतात. मात्र सगळे निकाल सामान्य आले म्हणजे त्रास मनाचाच, असेही नाही. काही आजारांच्या खुणा उशिरा उमटतात.