पासवर्ड न साठवता तो ओळखायचा कसा?

छोट्या डेटाबेस प्रोग्रामबद्दल एक मागणी हटकून येते: युजर पासवर्ड विसरला, तर अॅडमिनला तो दिसला पाहिजे. मागणी सोयीची आहे, पण घातक. अॅडमिनला दिसणारा पासवर्ड फाइल चोरणाऱ्यालाही मिळू शकतो. नीट लिहिलेल्या प्रोग्रामला तुमचा पासवर्ड ठाऊकच नसतो.

मग तो ओळखतो कसा? हॅश फंक्शनने. मजकूर कितीही लांब असो, एसएचए-256 हे हॅश फंक्शन त्यातून 256 बिटांचीच, म्हणजे 0 किंवा 1 अशा 256 अंकांचीच, संख्या काढतं. एक अक्षर बदललं की साधारण निम्मे बिट उलटतात, आणि संख्येवरून मजकुराकडे परतायची वाट अजून कोणालाही सापडलेली नाही. टेबलात फक्त ही संख्या, म्हणजे ‘हॅश’, ठेवायची. लॉगिनच्या वेळी ती पुन्हा काढायची आणि जुळते का पाहायचं.

परतता आलं नाही तरी अंदाज बांधता येतो. नेहमीच्या लाखो पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवले, की चोरलेल्या टेबलाशी ते नुसते ताडून पाहायचे. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा उपाय मांडला: हॅश काढण्यापूर्वी पासवर्डात एक यादृच्छिक संख्या, म्हणजे ‘सॉल्ट’, मिसळायची. तेव्हा ती 12 बिटांची होती, त्यामुळे एकाच पासवर्डची 4096 रूपं झाली आणि चोराची यादी तितक्याच पटीने फुगली. 128 बिटांच्या सॉल्टपुढे अशी यादी करणंच अशक्य होतं. आणि सॉल्ट लपवावं लागत नाही, हॅशशेजारी उघडं ठेवलं तरी चालतं! यातली सर्वांत देखणी गोष्ट मला हीच वाटते. एसएचए-256 मात्र फार वेगवान असल्याने अंदाज बांधणाऱ्याच्याच पथ्यावर पडतं. म्हणून पासवर्डांसाठी मुद्दाम संथ आणि भरपूर मेमरी घेणारं आर्गॉन2 हे हॅश फंक्शन वापरतात.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं ही मात्र अंधश्रद्धा आहे. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 मध्ये अशा सक्तीविरुद्ध सल्ला दिला.

आता परवानग्या, म्हणजे कोणी काय पाहावं आणि काय बदलावं. लॉगिनचा फॉर्म आणि ‘डिलीट’चं बटण लपवणारा कोड प्रोग्राममध्ये असतो, डेटा मात्र फाइलमध्ये. ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममधून उघडली, की फॉर्म वाटेत येतच नाही. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये मुळात युजर ही कल्पनाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामनेही 2007 च्या नव्या फाइल प्रकारातून युजरनिहाय परवानग्या काढून टाकल्या. फाइल एनक्रिप्ट केली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केली, तर बाहेरचा माणूस अडतो, पण किल्ली मिळालेल्या प्रत्येकाला सगळी टेबलं खुली होतात. पगाराचं टेबल मोजक्यांनीच पाहावं असं असेल, तर डेटा पोस्टग्रेससारख्या डेटाबेस सर्व्हरवर हलवावा. तिथे प्रत्येक क्वेरीला, म्हणजे डेटाच्या प्रत्येक मागणीला, परवानगी आहे का हे सर्व्हर स्वतः तपासतो, मग ती कुठल्याही प्रोग्राममधून आलेली असो.